श्वास रोखणाऱ्या नानांना

नाना,

तुमच्या वैद्यकीय अर्जावरचं ते ‘नाही’ माझ्या हातचं आहे. बाकी काही लिहिण्याआधी हे लिहून टाकते. तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले आणि त्यांतले पहिले बारा दिवस हे मी कुणासमोर बोलले नव्हते.

तुमच्या शोकसभेला दुकानासमोर मंडप टाकून लोक जमले होते. यावलकडचे केळीवाले आले होते. त्यांच्या विहिरीतल्या पाणबुडी मोटारी तुम्ही काढल्या, अडकलेले फूटव्हॉल्व्ह सोडवले, ते सगळे एकेक करून बोलले. मग काही लोक उभे राहिले आणि फार बोलू शकले नाहीत. ‘नानांनी आमची बहीण काढून दिली,’ एवढंच एक जण म्हणाला आणि खाली बसला. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, की छप्पन्नाव्या वर्षी नाना समुद्राखाली उतरायला शिकले, परीक्षा दिली, नवशिक्या पाणबुड्याचं कार्ड मिळवलं. लोकांनी कौतुकानं माना हलवल्या. तुमच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या अक्का, समोर बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली नाही. मला वाटलं, यांना माहीत आहे. माहीत नव्हतं. नुसत्या बसल्या होत्या.

नाना, आपली ओळख जशी झाली तशी कुणाची होऊ नये. माझा धाकटा भाऊ मिलिंद मित्रांबरोबर रविवारचा धरणाच्या फुगवट्यावर गेला आणि परत आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आई काठावर बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, जळगावहून मोटारवाले नाना येताहेत. तुम्ही स्कूटरवरून उतरलात, शर्ट काढून त्याची नीट घडी केलीत, कमरेला दोर बांधलात आणि पाण्यात गेलात. आईनं माझा हात धरला होता. तुम्ही आत गेलात की ती मोजायची. शंभर, एकशेवीस, कधी एकशेचाळीस. तुम्ही वर यायचात, तोंड उघडून हवा ओढायचात, मान हलवायचात आणि पुन्हा जायचात. दुपारपर्यंत आईनं बावीस वेळा मोजलं. तेविसाव्या वेळी तुम्ही दोर ओढलात.

मिलिंदच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही आलात आणि मागच्या ओळीत, चपलांच्या जवळ बसलात. वंदना झाली, जेवणं झाली, तुम्ही निघालात तेव्हा मी फाटकाशी तुम्हाला गाठलं. दोन आठवडे मनात होतं ते विचारलं.

“नाना, तुम्हाला तो कसा दिसला?”

तुम्ही जमिनीकडे बघत राहिलात. “दिसत काही नसतं मॅडम. गाळ असतो. मी डोळे मिटूनच असतो. हातानंच कळतं.”

तुम्ही मला शेवटपर्यंत मॅडम म्हणालात. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते हे तुम्हाला कुणीतरी सांगितलं होतं. तुमच्या दुकानात माझ्यासाठी वेगळी खुर्ची पुसून ठेवलेली असायची. मी महिन्यातून एकदा यायचे, चहा व्हायचा. आपण मिलिंदविषयी कधी बोललो नाही. तुम्ही मोटारींविषयी सांगायचात आणि मला बरं वाटायचं. या सहा वर्षांत माझं दुःख कुणी हलकं केलं असेल, तर ते त्या ग्रीसनं माखलेल्या दुकानानं.

पण मी तुम्हाला तिथंच राहू द्यायला हवं होतं का? हा प्रश्न मला आता झोपू देत नाही.

मागच्या वर्षी कॉलेजची सहल मालवणला गेली. सहकारी पाण्याखाली उतरले, मी होडीतच बसले. मिलिंदनंतर मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेच नव्हते. होडीच्या काठावरून खाली बघत होते. पाणी इतकं स्वच्छ, की तळाशी गुडघे टेकून बसलेली माणसं दिसत होती. त्यांच्या तोंडातून बुडबुडे येत होते. दहा मिनिटं गेली, वीस गेली. ती माणसं तिथंच, निवांत. मला एकच सुचलं. नानांकडे हे असतं तर आईला बावीस वेळा मोजावं लागलं नसतं.

जेट्टीवरूनच तुम्हाला फोन लावला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “पाण्याखाली श्वास घ्यायचा? ते काही खरं नाही मॅडम. श्वास संपतो म्हणून तर माणूस वेळेत वर येतो. तो संपलाच नाही तर परत यायचं कोण सांगेल?”

हा आपला पहिला वाद. तो आठ महिने चालला. मी तुमच्या दुकानात येऊन सिलिंडर, दाब, खोली समजावायचे. तुम्ही टायरच्या कॉम्प्रेसरवर फुगा फुगवून मलाच प्रश्न विचारायचात. दहा मीटर खाली हवा निम्मी होते, म्हणून खाली घेतलेला श्वास रोखून वर आलं तर छातीतली हवा दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटतं, हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही फुगा बोटानं दाबून बघत बसलात. मग म्हणालात, “म्हणजे मी इतकी वर्षं वाचलो, ते वरूनच हवा घेऊन गेलो म्हणून. खाली घेतली असती तर गेलो असतो.” माझ्या वर्गातल्या मुलांना हे समजायला दोन तास लागतात.

शेवटी तुम्ही तयार झालात, पण एका अटीवर. “तुम्ही पण शिकायचं. जोडीदार लागतो म्हणता ना? मग तुम्हीच.”

मला नाही म्हणता आलं नाही.

आणि मग तो अर्ज. पुण्याला दोन शनिवार-रविवार पोहण्याच्या तलावात शिकवणी, मग मालवणला समुद्रात चार डुबक्या, आणि सगळ्याच्या आधी वैद्यकीय अर्ज. अर्ज इंग्रजीत होता, म्हणून मी तुमच्या दुकानात बसून एकेक प्रश्न मराठीत वाचत होते. तुम्ही समोर एका मोटारीची वायरिंग गुंडाळत होतात.

“दमा?”

“नाही.”

“कधी चक्कर, फिट?”

“नाही.”

“रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत का?”

तुमचे हात थांबले. “नाही लिहा.”

तुमच्या खिशातून गोळ्यांच्या पाकिटाची चंदेरी कड बाहेर आली होती. माझी आई त्याच गोळ्या घेते. मी म्हणाले, “नाना, खिशात काय आहे?”

“ते डोकं दुखतं त्याचं.”

“हो लिहिलं तर फक्त डॉक्टरांची चिठ्ठी आणावी लागेल. तपासणी करतील, हृदयाचा आलेख काढतील. एवढंच.”

“आणि डॉक्टर नको म्हणाला तर?”

मी काय बोलायला हवं होतं हे आता मला शंभर प्रकारे सुचतं. तेव्हा मी गप्प राहिले. खरं सांगू? तुमच्यासाठी नाही गप्प राहिले. डॉक्टर नको म्हणाला असता तर मला एकटीला पाण्यात उतरावं लागलं असतं, किंवा उतरायचंच नाही असं ठरवावं लागलं असतं. मला तुम्ही हवे होतात. मी ‘नाही’ लिहिलं. तुम्ही वाकून सही केलीत, आणि आपण दोघांनी चहा घेतला.

तलावातले ते दिवस आठवले की मात्र मला अजूनही हसू येतं. रडतानाही हसता येतं, हे तुमच्यामुळेच शिकले. आपली शिक्षिका केतकी, तिशीची मालवणी मुलगी, तुम्हाला आधी ‘काका’ म्हणाली आणि तुम्ही दोनशे मीटर पोहून दम न लागता बाहेर आलात तेव्हा ‘सर’ म्हणायला लागली. पण तिचा सर पहिल्याच धड्याला नापास झाला. धडा सोपा होता. पाण्याखाली तोंडातली हवेची नळी काढायची, बारीक बुडबुडे सोडत राहायचे, नळी शोधून परत तोंडात घालायची. तुम्ही नळी काढलीत आणि बसून राहिलात. एकही बुडबुडा नाही. चेहऱ्यावर कसली घाई नाही. केतकी खुणा करतेय, तुम्ही तिच्याकडे शांतपणे बघताय. मिनिट झालं, दीड मिनिट झालं. तिनं घाबरून तुमच्या तोंडात नळी कोंबली आणि वर आणलं.

“सर, श्वास सोडा! रोखायचा नाही! हा पहिला नियम आहे!”

“पण मला लागलाच नाही श्वास,” तुम्ही म्हणालात.

तिला खुणाही तुम्ही चुकीच्या करायचात. सगळं छान आहे म्हणून अंगठा वर करायचात, आणि पाण्याखाली अंगठा म्हणजे ‘वर चला’. ती बिचारी तुम्हाला घेऊन वर यायची. “काय झालं सर?” “काही नाही, मजा येतेय.” असं चार वेळा झालं.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली. मास्क पाण्यानं भरू द्यायचा आणि नाकानं हवा फुंकून रिकामा करायचा. पाणी डोळ्यांपर्यंत चढलं आणि मला मिलिंद दिसला. मी सगळं टाकून वर धावले. काठाला धरून मी ओकत होते आणि केतकीला म्हणत होते, की मला जमणार नाही, माझं नाव काढून टाका. तुम्ही हळूहळू वर आलात, अगदी शिकवल्यासारखे श्वास सोडत. माझ्याजवळ येऊन पाण्यातच उभे राहिलात.

“मॅडम, मला एक सांगायचं राहिलं होतं,” तुम्ही म्हणालात. “तुमच्या भावाच्या तोंडावर भीती नव्हती. मी पाहिलं. वर आणल्यावर पाहिलं. झोपल्यासारखा होता.”

सहा वर्षं मी हे पुन्हा विचारायला घाबरत होते आणि तुम्ही सांगायला. खरं होतं की माझ्यासाठी केलंत, ते मला ठाऊक नाही. आता विचारताही येणार नाही. मी मास्क परत चढवला. तुम्ही माझ्या जॅकेटचा पट्टा धरून समोर बसलात, मास्क भरला, मी फुंकला, रिकामा झाला. डोळे उघडले तर तुम्ही अंगठा वर करून बसला होतात. केतकीनं डोक्याला हात लावला.

मालवणच्या पहिल्या डुबकीचं मी कुणालाही नीट सांगू शकलेले नाही. दोर धरून आपण खाली गेलो, सहा मीटर, आठ मीटर. कान मोकळे करत, थांबत थांबत. तळाला पोचलो आणि मी तुमच्याकडे बघितलं. तुमचे डोळे घट्ट मिटलेले होते. दोन्ही हात पुढे करून तुम्ही वाळू चाचपत होतात. बोटं पसरून, पंख्यासारखी डावी-उजवीकडे फिरवत, अगदी हळू. तुम्ही शोधत होतात. तुमच्या शरीराला पाण्याखाली दुसरं काही करायचं माहीतच नव्हतं.

मी तुमच्या मास्कवर टकटक केलं. तुम्ही डोळे उघडलेत.

समोर पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा होता, खडकाला वळसा घालून आपल्याकडेच येत होता. ते मासे तुमच्या पसरलेल्या बोटांमधून गेले. तुम्ही हात तसेच पसरलेले ठेवलेत. मला वाटलं, तुम्ही श्वास रोखलाय, आणि मी तुमच्या छातीकडे बोट दाखवलं. तेवढ्यात बुडबुड्यांचा एक मोठा लोट वर गेला. मग तुमच्या मास्कमध्ये तळाशी पाणी दिसायला लागलं. मास्क गळत नव्हता.

होडीत चढल्यावर तुम्ही मास्क काढून हातात धरलात. केतकीनं विचारलं, “सर, कसं वाटलं?” तुम्ही तिला उत्तर दिलं ते तुमच्या गावच्या बोलीत, आणि ते तिला कळलं नाही.

“आठे तं बठ्ठं जित्तं शे,” तुम्ही म्हणालात.

मी तिला सांगितलं, नाना म्हणतात, इथं तर सगळं जिवंत आहे. ती हसली, तिला वाटलं माशांचं कौतुक. आपल्या दोघांनाच माहीत होतं तुम्ही कशाविषयी बोलत होतात. तीस वर्षं तुम्ही पाण्यातून एकही जिवंत गोष्ट वर आणली नव्हती.

त्या एका वाक्यासाठी मी तो अर्ज पुन्हा खोटा भरला असता का? कधी वाटतं, हो. मग अक्कांचा चेहरा समोर येतो.

कार्ड आलं. तुम्ही ते छापून, लॅमिनेट करून दुकानात लावलंत. केळीवाले येऊन बघायचे. आणि महिन्याभरात तुम्ही म्हणालात, “मॅडम, एक सिलिंडर मिळवा. विहिरींना कामाला येईल.”

आपला दुसरा वाद इथं सुरू झाला, आणि तो संपला नाही. मी म्हणाले, हे कार्ड नवशिक्याचं आहे. उजेडात, स्वच्छ पाण्यात, जोडीदाराबरोबर, अठरा मीटरच्या आत. विहिरीत, गाळात, प्रेत शोधायला हे शिक्षण नाही. त्यासाठी वेगळं शिकावं लागतं, वर माणसं लागतात, दोर धरणारे लागतात.

“मला पाण्यात नवशिका म्हणता?” तुमचा आवाज चढला होता. “तुम्ही अजून पाय ओले करताना दहादा विचार करता.”

“पाण्यात नाही म्हणत. हवा घेऊन पाण्यात जाण्यात म्हणते.”

“मग शिकलो कशाला? मासे बघायला?”

मी म्हणाले, “हो, मासे बघायला! तुम्हाला आयुष्यात एवढं तरी मिळू नये का?”

तुम्ही पाना जमिनीवर आपटलात. “माझ्या दारात जे लोक येतात मॅडम, ते मासे मागायला येत नाहीत.”

तीन आठवडे मी दुकानात आले नाही. माझं चुकलं होतं असं मला अजूनही वाटत नाही. नियमाच्या बाजूनं मीच बरोबर होते. पण जिनं एका नियमातून खोटं ‘नाही’ लिहून वाट काढली, तिनं दुसरा नियम तुमच्या तोंडावर कुठल्या तोंडानं मारावा? हे तुम्ही मला ऐकवलं नाहीत. ऐकवू शकला असतात.

मग त्या सकाळी साडेनऊला तुमचा फोन आला. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या, मी प्रयोगशाळेच्या दारात उभी होते.

“मॅडम, धुळे रस्त्याला दगडाची खाण आहे. पाणी भरलंय. माणूस पडलाय काल. वरून मोकळी आहे, विहीर नाही. तुमच्या नियमात बसते. येता का जोडीला? कुठून सिलिंडर मिळेल का?”

तुम्ही समेट करायला फोन केला होता. आता कळतं. तुम्ही माझ्या भाषेत बोलत होतात, माझे नियम मला दाखवत होतात. मी म्हणाले, “बसत नाही नाना. पाणी गढूळ असणार. जळगावात सिलिंडर नाही. आणि मी येणार नाही.”

“मग मी माझ्या पद्धतीनं जातो.”

“जाऊ नका म्हणते ना मी.”

“तिथं त्याची बायको बसलीय मॅडम. तुम्ही बसला होतात तशी.”

मला ते लागलं. मी म्हणाले, “माझी परीक्षा चालू आहे,” आणि फोन ठेवला.

हे माझं तुमच्याशी शेवटचं वाक्य. माझी परीक्षा चालू आहे.

मी एक प्रश्न विचारू शकले असते. सकाळची गोळी घेतली का? चार शब्द. तो प्रश्न माझ्या जिभेवर आलाच नाही, कारण तुमच्या गोळ्या नाहीत असं मीच लिहून दिलं होतं. त्या दिवसापासून आपण दोघंही त्या नाहीतच असं वागत होतो.

तुम्ही सात वेळा आत गेलात असं खाणीवरच्या लोकांनी सांगितलं. सातव्या वेळी सापडला. तुम्ही दोर बांधलात, वर आलात, त्या बाईकडे बघून हात जोडलेत आणि दगडावर बसलात. पाणी मागितलंत. पाणी आणेपर्यंत तुम्ही आडवे झाला होतात. डॉक्टर म्हणाले, हृदय. रक्तदाब बरीच वर्षं असणार, म्हणाले. गोळ्या नियमित नसणार, म्हणाले. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहून हे ऐकत होते आणि मला प्रत्येक वाक्य आधीपासून पाठ होतं.

बाराव्या दिवशी मी केतकीला फोन केला. तुम्ही गेल्याचं तिला कळलं होतं, ती रडत होती. मी तिला अर्जाचं सांगितलं. ती पहिली. तिचं रडणं थांबलं.

मग ती म्हणाली, “ताई, मी सरांना बारा मीटर खाली घेऊन गेले होते. त्यांना तिथं काही झालं असतं तर? मी त्यांना वर कसं आणलं असतं? तुम्हाला कसं आणलं असतं?”

मी हा विचार कधी केलाच नव्हता. खोटं लिहून मी फक्त तुमच्या जिवाशी खेळले असं समजत होते. ती पोरही त्यात होती.

“डॉक्टरांनी कदाचित पाठवलंही असतं,” ती पुढे म्हणाली. “गोळ्या नीट करून, दोन महिन्यांनी. बरेच लोक तसे येतात. मी थांबले असते सरांसाठी.”

दोन महिने, नाना. तुम्ही तीस वर्षं श्वास रोखलात. मला दोन महिने थांबता आलं नाही.

काल मी अक्कांकडे गेले. तुमचं दिवसकार्य झाल्यापासून त्या जळगावचं घर बंद करून तुमच्या गावी, तापीकाठी जाऊन राहिल्या आहेत. चोपड्यावरून शिरपूरची बस धरली आणि फाट्यावर उतरले. अक्का ओट्यावर बसून सुपात ज्वारी पाखडत होत्या. मला बघून त्यांनी शेजारची जागा हातानं झाडली. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. अर्ज, प्रश्न, तुमच्या खिशातलं पाकीट, माझं लिहिणं. बसले असते तर सांगता आलं नसतं.

त्यांचं सूप थांबलं नाही. सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, “कागदवर तूच लिखं?”

“हो अक्का. मीच.”

“त्यासनी सांगं म्हनीसन लिखं?”

“ते म्हणाले, नाही लिहा. पण मला खरं माहीत होतं.”

त्यांनी सूप खाली ठेवलं. “तू शिकेल बाई शे. तुले समजत व्हतं. ते तं कोनं ऐकेत नही, मनं बी ऐकेत नही. डबीमा गोया तश्याच ऱ्हायेत. मी भांडू, ते हसेत. पन माले सांगं ऱ्हातं, का कागदवर डाक्टरनं काम शे, तं मी त्यासले हात धरीसन दवाखानामा लई जातू. समुद्रना नादमा तरी ते उनातच.”

नाना, अक्कांचं बरोबर आहे. मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला हात धरून दवाखान्यात नेलं असतं. तुम्ही डॉक्टरकडे दुसऱ्या कशासाठीही गेला नसतात. त्या समुद्रासाठी मात्र गेला असतात. आठ महिन्यांच्या वादानंतर तुम्हाला त्याचा नाद लागला होता. तुम्हाला तपासणीला नेईल अशी एकच वाट त्या कागदावर होती, आणि ती मी माझ्या पेनानं बंद केली.

मी माफी मागितली. त्यांनी माफ केलं असं म्हटलं नाही. आत गेल्या, बराच वेळ आल्या नाहीत. मला वाटलं, निघून जावं. मग त्या चहा घेऊन आल्या आणि कप माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवला. मी बसून तो प्यायले. त्या पुन्हा पाखडायला लागल्या. मला वाटलं होतं, त्या समुद्राचं विचारतील, तुम्ही तिथं काय पाहिलंत ते. मी वाटेत सगळं जुळवूनही ठेवलं होतं. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते सांगून मी माझीच बाजू मांडतेय असं झालं असतं.

चारच्या बसला मी उठले. त्या माझ्याबरोबर फाट्यापर्यंत चालत आल्या. उन्हात डोक्यावरचा पदर पुढे ओढून, माझ्या दोन पावलं पुढे. बस आली तेव्हा त्यांनीच रस्त्यात पुढे होऊन हात दाखवला. मी पायरीवर चढले. कंडक्टरनं घंटी मारायला दोरीला हात घातला आणि अक्कांनी दाराचा दांडा धरला. त्यामुळे त्यालाही थांबावं लागलं.

“राग गया नही मना,” त्या म्हणाल्या. “पन येत जाय.”